शेखचिल्लीच्या डोक्यावरचे मडके

इशाच्या नमाजला आम्ही उभे राहतो, तेव्हा आमची नियत पक्की असते. तोंड किब्ल्याकडे, हात बांधलेले, नजर सजद्याच्या जागेवर. पहिली रकात ठीक जाते. दुसरीत शाळेच्या वाचनालयाला नवी कपाटे येतात. तिसरीत त्या कपाटांचे उद्घाटन होते आणि चौथीत आम्ही आभाराच्या भाषणात दोन शेरही म्हणून घेतो. सलाम फेरून शेजारचे चाचा मुसाफ्यासाठी हात पुढे करतात, तेव्हा ध्यानात येते की टाळ्या वाजत नव्हत्या, छताचा पंखा वाजत होता.

इमाम अबू हनीफा यांच्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. एका माणसाने पैसे जमिनीत पुरून ठेवले आणि जागाच विसरला. इमामसाहेब म्हणाले, आज रात्रभर नमाज पढ. तो उभा राहिला आणि थोड्याच वेळात त्याला जागा आठवली. नमाज सोडून तो कुदळ घेऊन धावला. इमामसाहेब म्हणाले, शैतान तुला रात्रभर पढू देणार नाही, हे मला ठाऊकच होते. ही गोष्ट आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले पोट धरून हसतात. आम्ही जरा कमी हसतो.

लेखात आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो आहोत, याला एक कारण उर्दू शिकवणाऱ्याच्या जिभेवर बसलेला 'हम' हे आहे. दुसरे कारण असे की आम्ही खरोखरच दोघे आहोत. एक पलूसमध्ये राहतो, हजेरी घेतो, गॅसचा नंबर लावतो. दुसरा कुठे असतो ते पहिल्यालाही सांगता येत नाही. या दोघांची भेट घडते ती बहुधा कोणीतरी जोरात हाक मारल्यावर.

मराठीत या रोगाला सुंदर नावे आहेत. मनोराज्य, दिवास्वप्न, हवेतले इमले. पण आम्हांला आवडतात ती स्वयंपाकघरातली नावे. मराठी माणूस मनातले मांडे खातो आणि उर्दू बोलणारा खयाली पुलाव शिजवतो. दोन्ही भाषांना हे कसे सुचले असेल? आम्हांला वाटते, भुकेमुळे. मांडा करणे हे सोपे काम नव्हे, त्याला हातखंडा लागतो. पुलावाला तांदूळ चांगला लागतो आणि गोश्तही. ज्यांच्या घरी ते रोज होत नव्हते, त्यांनीच या म्हणी घडवल्या असणार. दिवास्वप्नाचे पहिले सुख हेच की ते गरिबाला परवडते. सांगलीच्या एस.टी.त उभ्याने जाताना आम्ही कॉर्डोव्हाची मशीद पाहून आलो आहोत. तिकीट मात्र सांगलीचेच होते.

या सुखाची निंदा करण्याआधी त्याचा हक्क मान्य केला पाहिजे. मन एका जागी राहत नाही ही काही आमच्या एकट्याची खोड नाही. हार्वर्ड विद्यापीठातल्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. फोनवरून दिवसातून अधूनमधून लोकांना विचारायचे, या क्षणी काय करता आहात आणि मन कुठे आहे? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतेच. म्हणजे माणूसजात जागेपणीचा जवळजवळ अर्धा वेळ गैरहजर असते. त्याच अभ्यासात असेही दिसले की भरकटलेल्या मनाची माणसे त्या वेळी तुलनेने कमी सुखी असतात. याच्या उलट बाजूला जेरोम सिंगर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे दिवास्वप्नांच्या अभ्यासात घालवली आणि सांगितले की एका प्रकारचे दिवास्वप्न मनाला पोसते, पुढचे बेत रचायला मदत करते. आणि २००२ मध्ये हैफा विद्यापीठाच्या एली सोमर यांनी अशा माणसांविषयी लिहिले, ज्यांची दिवास्वप्ने तासन्‌तास चालतात आणि काम, नाती, झोप सगळे गिळून टाकतात. तर औषधही हेच आणि विषही हेच. मात्रा कोण ठरवणार, एवढाच प्रश्न.

आमच्या लहानपणी ही मात्रा ठरवायचे काम शेखचिल्लीकडे होते. जरा हरवलो की घरातून आवाज यायचा, 'आला शेखचिल्ली!' त्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कोणाचे तरी तुपाचे मडके डोक्यावर घेऊन तो हमाली करत निघाला. मिळणाऱ्या पैशांतून कोंबड्या घेईन, कोंबड्यांतून बकऱ्या, बकऱ्यांतून म्हशी. मग लग्न, मग मुले. मुले म्हणतील, अब्बा, पैसे द्या. मी म्हणेन, नाही! आणि 'नाही' म्हणताना त्याने मान हलवली. मडके फुटले. मालक ओरडला, माझे तूप गेले. शेखचिल्ली म्हणाला, तुमचे नुसते तूप गेले, माझा तर भरला संसार बुडाला.

ही गोष्ट किती फिरलेली आहे पाहा. पंचतंत्रात एक ब्राह्मण आहे. सातूच्या पिठाचे मडके खुंटीला टांगून तो खाली पडून राहतो आणि शेळ्यांपासून सोन्यापर्यंत पोहोचतो. पंचतंत्र पहलवीत गेले, आणि तिथून आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फा यांनी ते 'कलीला व दिमना' या नावाने अरबीत आणले. तिथे मडक्यात तूप आणि मध आहे. अरबी सुरस कथांत हाच माणूस काचेच्या भांड्यांची टोपली घेऊन बसतो आणि मनातल्या मनात वजिराचा जावई होतो. अशी ती अरबस्तानातून, इराणातून आपल्या चावडीवर आणि मोहल्ल्यात हिंडत राहिली. हिंदूंची की मुसलमानांची, असे या गोष्टीला कोणी विचारले नाही. आळशी माणूस सर्व धर्मांत सारखाच.

या गोष्टींचे तात्पर्य आम्हांला शाळेत असे शिकवले गेले की दिवास्वप्न पाहू नये. आम्हीही कित्येक वर्षे तेच शिकवले. पण एकदा चारही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा वेगळेच दिसले. स्वप्नाने मडके कुठेच फुटत नाही. मडके फुटते लाथेने. ब्राह्मण स्वप्नात बायकोला लाथ मारतो, कारण तिने मुलाकडे लक्ष दिले नाही. अरबी गोष्टीतला साधू मुलाला वळण लावायला काठी उगारतो. काचवाला वजिराच्या मुलीला पायाने झिडकारतो. आणि आपला शेखचिल्ली पोटच्या पोरांना 'नाही' म्हणतो. कोंबड्या, बकऱ्या, म्हशी, लग्न, इथवर सगळे ठीक चाललेले असते. ज्या क्षणी स्वप्नातला माणूस मोठा होतो आणि कोणाला तरी छोटे करतो, त्या क्षणी नुकसान होते.

हे वाचल्यावर आम्ही आपली स्वप्ने तपासली. आमच्या वाचनालयाच्या उद्घाटनाला आम्ही व्यासपीठावर असतो. ज्यांनी कधीकाळी आमच्या अर्जावर नकार लिहिला ते पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेले असतात. आमची बिवी मागे कुठेतरी चहाची व्यवस्था पाहत असते. प्रत्यक्षात तिचे वाचन आमच्यापेक्षा जास्त आहे. तरी आमच्या स्वप्नात तिला खुर्ची नव्हती. लाथ आम्हीही मारत होतो, आवाज होत नव्हता इतकेच.

शेखचिल्लीच्या गोष्टीत आणखी एक गोष्ट आहे, जी बाकीच्यांत नाही. ब्राह्मणाचे पीठ स्वतःचे होते, काचवाल्याची भांडीही स्वतःची होती. शेखचिल्लीच्या डोक्यावरचे तूप दुसऱ्याचे होते. आपले मडके फोडण्याचा अधिकार माणसाला असेलही कदाचित. दुसऱ्याचे मडके डोक्यावर असताना मान हलवायचा अधिकार नाही. शिक्षकाच्या डोक्यावर रोज पाच-सहा तास चाळीसेक मडकी असतात.

हे आम्ही शिकलो ते एका मुलाकडून. सातवीच्या वर्गात एक मुलगा सतत खिडकीबाहेर पाहत बसे. एके दिवशी आम्ही खडू मारला आणि म्हणालो, 'क्यों शेखचिल्ली, कहाँ पहुँचे?' वर्ग हसला. मुलगा उभा राहिला आणि अगदी सरळपणे म्हणाला, 'सर, अब्बा अभी कराड पहुँचे होंगे.' त्याचे वडील ट्रक चालवत. बारा दिवसांनी त्या दिवशी घरी येणार होते. सकाळपासून हा मुलगा त्यांच्याबरोबर येत होता. खंबाटकीचा घाट त्याने दुसऱ्या तासाला उतरला होता, सातारा मधल्या सुट्टीत मागे टाकला होता. आता कराड, मग ताकारी, मग पलूस. आम्ही भूगोल शिकवताना त्याला हे अंतर शिकवू शकलो नव्हतो. त्याच्या मनोराज्यात त्याला राज्य नको होते, बाप हवा होता. आणि आम्ही त्याला शेखचिल्ली म्हणालो. ते नाव त्याला वर्षभर चिकटले. पोरे मैदानावरही त्याच नावाने हाक मारत. त्या वर्गात दिवास्वप्ने पाहणारे दोघे होते. पगार एकालाच मिळत होता आणि शिक्षा दुसऱ्याला झाली.

आता कोणी म्हणेल, मोठी कामे स्वप्नांतूनच होतात. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी देशभरच्या मुलांना स्वप्ने पाहायलाच सांगितले. हे खरे आहे आणि आमच्यासारख्यांना ते फार आवडते. पुरावा शोधायलाही लांब जायला नको. पलूसपासून हाकेच्या अंतरावर किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना मुळात चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले. तिथे कळले की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. स्वप्न तिथेच संपले. मग यंत्रांची रेखाटने शिकले, शिक्षकी केली, बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि लोखंडी नांगर तयार केला. शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमीन नासेल. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. पुढे बेळगावातली जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला. निवडुंग आणि सापांचा तो माळ. १९१० मध्ये तिथे कारखाना उभा राहिला आणि त्याच माळावरून १९२० मध्ये 'किर्लोस्कर' मासिकाची सुरुवात झाली. त्या स्टेशनाचे नावच पुढे किर्लोस्करवाडी झाले.

या माळावरून आम्ही अनेकदा गेलो आहोत, आणि प्रत्येक वेळी मनात एकेक कारखाना काढून आलो आहोत. तेव्हा फरक कशात आहे हे शोधणे आम्हांला भाग होते. स्वप्नाच्या आकारात तो नाही, आमची स्वप्ने काही लहान नाहीत. आमच्या स्वप्नात आधी निवडुंगाचा माळ असतो आणि लगेच धुराडे. मधली दोन वर्षे, ज्यांत एकही नांगर विकला जात नाही, ती आमच्या स्वप्नात कधी आलीच नाहीत. त्या दोन वर्षांत रोज सकाळी लक्ष्मणराव काय म्हणून दुकान उघडत असतील?

बेगम रुकय्या सखावत हुसैन यांनी १९०५ मध्ये 'सुलतानाज् ड्रीम' ही कथा इंग्रजीत लिहिली. तिची नायिका आरामखुर्चीत बसल्याबसल्या अशा देशात जाते, जिथे बायका कारभार पाहतात आणि पुरुष मर्दान्यात बंद आहेत. घराबाहेर पडणे ज्या काळी गुन्हा होता, त्या काळातल्या एका मुसलमान बाईचे हे दिवास्वप्न. पण त्या खुर्चीत बसून राहिल्या नाहीत. १९११ मध्ये कलकत्त्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली, आणि तीही आठच मुली घेऊन. स्वप्नात सगळे राज्य होते, हातात आठ मुली. त्या आठ मुलींचा त्यांना कमीपणा वाटला नाही. बी.एड.ला आम्ही गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' वाचले होते. पुस्तकाचे नावच ते, पण त्यातल्या शिक्षकाचा पहिलाच दिवस फसतो. त्याने ठरवलेला शांततेचा खेळ मुले उधळून लावतात. आमच्या दिवास्वप्नात पहिला दिवस आजवर एकदाही फसलेला नाही. तिथेच आम्हांला आमच्या स्वप्नाचा खोटेपणा ओळखता यायला हवा होता.

आपल्या दीनमध्ये यासाठी दोन शब्द आहेत, नियत आणि तमन्ना. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांची जात वेगळी आहे. हदीसमध्ये नियतीला केवढे मोल दिले आहे! नेक कामाचा इरादा केला आणि ते करता आले नाही, तरी एक नेकी लिहिली जाते. केले तर दहापट, आणि त्याहूनही कितीतरी जास्त. हे ऐकून आमच्यासारखा माणूस खूश होतो. वाटते, आपल्या खात्यावर वाचनालयेच वाचनालये जमा झाली असतील. पण त्याच हदीसच्या ग्रंथांत असाही इशारा आहे की नफ्सच्या मागे धावून अल्लाहकडून नुसत्या तमन्ना करत राहणारा माणूस दुबळा होय. रोज्याची नियत पाहिली की फरक कळतो. ती सहरीच्या वेळेशी बांधलेली आहे. तिच्यात उद्या आहे आणि भूकही आहे. तमन्नेत फक्त ईद असते. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांनी अनेक प्रयोगांतून जे दाखवले ते याच्या जवळचे आहे. यशाची नुसती गोड चित्रे रंगवत बसणाऱ्यांचे प्रयत्न कमी पडतात. त्या चित्राशेजारी वाटेतला अडथळाही ठेवला, तर पाऊल पुढे पडते.

सहीह बुखारीत एक हदीस आहे. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी जमिनीवर एक चौकोन काढला. त्याच्या मधून एक रेघ काढली, जी चौकोनाच्या बाहेर निघून गेली. मग आतल्या रेघेला टेकणाऱ्या बारीक बारीक रेघा काढल्या. आणि समजावले की आत आहे तो माणूस, भोवतालचा चौकोन त्याची मौत, बाहेर गेलेली रेघ त्याची उमेद आणि या बारीक रेघा म्हणजे त्याला गाठणारी संकटे. आम्ही ही आकृती फळ्यावर काढून शिकवली आहे. शिकवताना आम्हांला फक्त बाहेर गेलेली रेघ दिसायची. चौकोन आम्हांला दिसला तो अब्बांच्या आजारपणात.

अब्बा आयुष्यभर द्राक्षबागांत छाटणीला जात. शेवटचे काही महिने ते खाटेवर होते. शाळेतून आलो की आम्ही त्यांच्या उशाशी बसत असू. एका संध्याकाळी आम्ही असेच बसलो होतो आणि मनात अब्बांना मुंबईला घेऊन गेलो होतो. मोठे इस्पितळ, मोठे डॉक्टर. आम्ही कर्ज काढतो आहोत, रात्र रात्र जागतो आहोत. अब्बा बरे होऊन आमच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरताहेत. आमच्या डोळ्यांत पाणी आले होते. तेवढ्यात दारातून बिवीचा आवाज आला, 'अजी, अब्बा कब से पानी माँग रहे हैं.' तांब्या आमच्या हाताजवळ होता. अब्बांनी दोनदा मागितले होते, मग मागायचे थांबले होते.

त्या स्वप्नात आम्ही कोणाला लाथ मारली नव्हती. ते अगदी नेक स्वप्न होते. म्हणूनच ते आम्हांला अजून सोडत नाही. मनातल्या बापाची खिदमत करण्यात आम्ही इतके गुंतलो की समोरच्या बापाचे ओठ सुकलेले दिसले नाहीत. वाईट खयाल आला तर माणूस निदान 'तौबा' म्हणतो. नेक खयालाची नशा चढली तर त्याला कोण उठवणार? अब्बांनी आम्हांला काही म्हटले नाही. पाणी पिऊन म्हणाले, 'कहाँ गया था रे?' आम्ही उत्तर दिले नाही. पुढे सव्वा महिन्याने ते गेले.

मग काय, स्वप्ने पाहणे सोडावे? आम्ही प्रयत्न केला. जमले नाही, आणि खरे सांगायचे तर तसे जमावे असे आता वाटतही नाही. अब्बांच्या कामातले एक आम्हांला आठवते. आमच्या भागात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. एप्रिलच्या छाटणीला द्राक्षे येत नाहीत, नुसती काडी तयार होते. पण पुढच्या घडाची तयारी त्या काडीच्या डोळ्यातच होत असते, म्हणून कोणी बागायतदार तिला फुकट म्हणत नाही. फक्त काडी वाढू लागली की तिचा शेंडा मारावा लागतो. नाही मारला तर वेल नुसती पानांत जाते. मांडव हिरवागार दिसतो, येणारेजाणारे वाहवा करतात आणि घड लागत नाही. अब्बा दिवसाला हजारो शेंडे खुडत. त्यांची बोटे काळी पडलेली असत.

आम्ही आता शेंडा मारायला शिकतो आहोत. वाचनालयाचे स्वप्न येते, आम्ही त्याला येऊ देतो. उद्घाटनाची वेळ आली की तिथे थांबतो आणि उद्या करण्यासारखे एक काम काढतो. आतापर्यंत वर्गाच्या एका कोपऱ्यात दोन फळ्यांचे एक शेल्फ झाले आहे. त्यावर ६३ पुस्तके आहेत, उर्दू आणि मराठी मिळून. यादी बिवीने केली आहे. उद्घाटन झालेले नाही.

आणि खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलाला आम्ही आता खडू मारत नाही. जवळ जातो, हळूच विचारतो, 'कहाँ तक पहुँचे?' बहुतेक वेळा मूल दचकून म्हणते, 'कहीं नहीं, सर.' तरी आम्ही क्षणभर तिथेच उभे राहतो. कधी कधी ते खरे ठिकाण सांगते.